शेतातली सोयरीक

शाळेत फूल म्हणजे जास्वंद. झेंडू, शेवंती, मोगरा ही हारात जाणारी मंडळी. विज्ञानाच्या तासाला मान जास्वंदीचाच. कारण तिचा सगळा कारभार उघड्यावर. मोठ्या पाकळ्या, मधून बाहेर आलेला लांबलचक दांडा, त्यावर पिवळ्या परागकोशांची दाटी आणि शेंड्याला कुक्षीचे पाच गोंडे. ब्लेडनं उभी चिरली की तळाशी अंडाशय. शिक्षकांना दाखवायला सोपं, पोरांना काढायला सोपं आणि उरलेली फुलं गणपतीला.

आम्हाला हा धडा शिकवणारे गुरुजी जास्वंदीत फार रमायचे. निदलपुंज हिरव्या खडूनं, दलपुंज लाल खडूनं, पुमंग पिवळ्यानं, जायांग पांढऱ्यानं. तासामागून तास एकाच फुलावर. कारण वर्गाला पक्कं ठाऊक होतं: पान उलटलं की माणसाचं प्रजनन होतं. जास्वंद पुरेल तेवढी पुरवायची आणि घंटा झाली की "पुढचं घरी वाचून घ्या रे" म्हणत डस्टर उचलायचं, हा त्यांचा दरसालचा शिरस्ता. फुलाचे भाग झोपेतही सांगू शकणाऱ्या आणि त्यापुढचं काहीच विचारू न शकणाऱ्या पिढ्या अशा तयार झाल्या.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, जास्वंदीचं बी कसं असतंय?"

गुरुजी म्हणाले, "खाली बस."

प्रश्न मात्र बिनतोड होता. परसातली आपली लाल जास्वंद बी धरते ती अगदी क्वचित. शेजारणीकडून फांदी आणायची, ओल्या आळ्यात खोचायची, की झाली नवी जास्वंद. म्हणजे लग्न या विषयाचं प्रात्यक्षिक दाखवायला आम्ही जिला वर्षानुवर्षं बोलावलं, तिचा स्वतःचा वंश बिनलग्नाचा, फांद्या तोडून चाललेला!

गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. या विषयानं भल्याभल्यांना घाम फोडलाय. १६९४ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या कामेरारियस यांनी एरंडाची नर फुलं खुडून टाकली आणि दाखवून दिलं, की परागाशिवाय धड बी भरत नाही. तेव्हा झाडांतही नर-मादी हा मामला आहे. पुढं स्वीडनच्या लिनियसनं तर अख्ख्या वनस्पतीसृष्टीची वर्गवारी फुलात पुंकेसर किती यावर केली आणि ती लिहिताना भाषा वापरली नवरा-बायकोची. एका शेजघरात एक बायको नि एक नवरा, दुसऱ्यात एक बायको नि दोन नवरे, असं करत करत मजल वीस नवऱ्यांच्या पुढं गेली. सेंट पीटर्सबर्गचे सिगेसबेक खवळले. देवानं फुलांत असला अनाचार चालू दिलाच नसता, हे त्यांचं म्हणणं. आज सिगेसबेक यांचं नाव एका चिकट तणाला आहे. हा लिनियसनं काढलेला सूड, असं लोक सांगतात. भावकीतल्या भांडणात बांध कोरण्यापलीकडं न गेलेल्या आम्हाला हे फारच सभ्य वाटतं.

आमचं चारठाणा हे जिंतूर तालुक्यातलं यादवकालीन देवळांचं गाव. बाहेरचे पाहुणे येतात ते गोकुळेश्वर बघायला, बारवेत उतरायला, कोरीव खांबाखाली उभं राहून फोटो काढायला. दगडातल्या कमळांवर हात फिरवून "काय कला होती हो!" म्हणतात. खरंच होती. पण शेकडो वर्षं फुलूनही त्या कमळांना एक बी धरलेलं नाही. बांधापलीकडं श्रावणात जे जिवंत फुललेलं असतं, ज्याच्यावर गावाचं किराणा दुकान, सोसायटीचं कर्ज आणि पोरीबाळींची लग्नं अवलंबून असतात, तिकडं पाहुणा बघत नाही. पाहुण्याचं सोडा, आम्हीही बघत नाही. आम्ही पाऊस बघतो, भाव बघतो. फूल बघायला शेतकऱ्याला सवड कुठली?

आणि सोयाबीनचं फूल तर बघायचं म्हटलं तरी सापडायचं नाही. करंगळीच्या नखाहून लहान, जांभळं नाहीतर पांढरं, पानाच्या बेचक्यात दडलेलं. या पिकाचं लग्न बंद दाराआड लागतं. फूल धड उमलायच्या आधीच आतल्या आत पराग कुक्षीवर पडतात आणि कार्य उरकतं. मधमाशी दारात येईपर्यंत पंगती उठलेल्या असतात. शंभरात एखादं फूलसुद्धा परक्या परागानं फळत नाही. ना बँड, ना वरात, ना मानपानाचे रुसवे.

या कंजूष लग्नाचा फायदा असा, की लेकरू हुबेहूब आईबापावर. म्हणून सोयाबीनचं घरचं बी चालतं. कृषी खात्याची माणसं दर उन्हाळ्यात तेच घसा ताणून सांगतात: मोजून शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर उगवले की खुशाल पेरा. गावातले लोक मान डोलावतात, शंभर दाणे गोणपाटात घालतात आणि मृग लागला की दुकानासमोर रांगेत उभे राहतात. घरच्या पोरावर आणि घरच्या बियाण्यावर आपला विश्वास कमीच.

कापसाचं तसं नाही. कापूस हौशी. पात्या लागतात, पातीचं फूल सकाळी उमलतं ते पिवळट पांढरं, मोकळं, डोळ्यात भरणारं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं असतं. मग लालसर होऊन सुकतं, गळतं, मागं बोंड राहतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लाजून गुलाबी होणारं दुसरं पीक माझ्या तरी पाहण्यात नाही.

तसा कापूसही स्वतःच्याच परागावर बराचसा भागवतो. पण माणसानं त्यात हात घातला आणि त्याच्या लग्नाला दलाल आले. १९७० साली गुजरातेत सुरतेच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ नावाचा संकरित कापूस काढला. व्यापारी लागवडीत उतरलेला जगातला पहिला. नंतर आमच्या मराठवाड्यात 'नांदेड ४४' गाजला. तिकडं जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली होती. पुढं जालना बियाण्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं आणि बारवाल्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आम्ही पेरतो ती सरकीची पिशवी म्हणजे कुठल्यातरी प्लॉटवर हातानं लावलेल्या हजारो लग्नांचा ऐवज असतो.

हातानं म्हणजे अक्षरशः हातानं. 'क्रॉसिंग'ला जाणाऱ्या बायका संध्याकाळी मादी ओळीत शिरतात. उद्या उमलणारी कळी त्यांना नजरेनं कळते. अंगठ्याचं नख लावून पाकळ्या नि पुंकेसर एका फिरकीत उतरवायचे, कुक्षी तेवढी ठेवायची. मग उघड्या पडलेल्या त्या कुक्षीवर कागदाची टोपी चढवायची, म्हणजे रात्रीतून कुणी आगंतुक यायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतली ताजी फुलं खुडून आणायची, टोपी काढायची, पराग घासायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा. एक नर फूल चार-पाच मादी फुलांना पुरतं, हे ऐकून लिनियसचे विरोधक परत एकदा गेले असते.

"दिवसाला किती लग्नं लावता?" असं अशाच एका बाईंना विचारलं.

"मोजलीत कुणी? पण भटजीपरीस जास्तच. अन् दक्षिणा संध्याकाळी मुकादमाच्या हातून."

लहान बोटं या कामात चपळ चालतात म्हणून आंध्रात, गुजरातेत शाळकरी मुलींना प्लॉटवर नेल्याचा इतिहास आहे. त्यावर विनोद करायचा नाही, म्हणून पुढं जातो.

या थाटामाटाच्या लग्नाची मेख अशी, की पहिली पिढी दणकट, बोंडांनी लगडलेली. तिची सरकी पुढच्या साली पेराल तर एक झाड आज्यावर, एक आजीवर आणि तिसरं कुणावरच नाही. म्हणून दर मृगाला पुन्हा पिशवी. कंपनीची जाहिरात बिनकामाची. फुलानंच गिऱ्हाईक बांधून दिलंय.

परभणीच्या कृषी विद्यापीठानंही सोयरिकी जमवल्या आहेत. १८ मे १९७२ रोजी सुरू झालेलं हे विद्यापीठ, २०१३ पासून वसंतराव नाईकांच्या नावानं ओळखलं जातं. तिथली 'परभणी क्रांती' भेंडी तुम्ही खाल्ली असेलच. भेंडीला केवडा रोग पडायचा, पानांच्या शिरा पिवळ्या होऊन झाड बसायचं. विद्यापीठातल्या लोकांनी पुसा सावनी या घरंदाज भेंडीची गाठ भेंडीच्या एका जंगली नातलगाशी घालून दिली. जात वेगळी, नुसतं वाण वेगळं नव्हे. भावकीत बोंबाबोंब होईल असं लग्न. जंगली सासरची प्रतिकारशक्ती घेतली आणि मग लेकरांचं लग्न परत परत घरच्या भेंडीशी लावत राहिले, म्हणजे चव घरची नि अंगात ताकद रानची. हे जमायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या. भेंडीच्या, माणसांच्या नाही. माणसांत अजून सुरुवात व्हायचीय.

आता ज्वारी. परभणी जिल्ह्यात राहून ज्वारीवर चार ओळींत भागवणं म्हणजे पाप. ज्वारी पोटरीत येते, निसवते आणि मग कणसाच्या शेंड्यापासून खाली खाली फुलत जाते. चांगले चार-सहा दिवस. फुलं उमलतात रात्री नि पहाटे, गाव झोपेत असताना. पाकळी नाही, रंग नाही, वास नाही. मधमाशीला बोलावणं नाही, कारण कारभारी वारा. एक कणीस कोट्यवधी परागकण सोडतं. त्यातले बहुतेक त्याच कणसावर पडून कामी येतात, थोडेफार शेजारच्या शेतात जातात आणि उरलेले सगळे मातीत, नाल्यात, पारावर झोपलेल्या म्हाताऱ्याच्या मुंडाशात. लग्नपत्रिका एवढ्या उधळायच्या की एखादी तरी पोचेल, हा हिशेब वाऱ्यावर सोयरिकी करणाऱ्या सगळ्यांचाच.

म्हणूनच संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचा तर दोनशे मीटरच्या आत दुसरी ज्वारी चालत नाही. सगोत्र विवाह टाळायला आपण जेवढं अंतर ठेवतो त्याहून हे कडक, शिवाय मोजायला अधिकारी टेप घेऊन येतो. आत चार ओळी मादीच्या, दोन नराच्या. त्या मादीचा पराग जन्मतःच निकामी, नाहीतर हजारो बारीक फुलांचे पुंकेसर कोण खुडणार? १९६४ साली आलेली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, याच युक्तीवर उभी होती.

पण खरी गंमत दाण्याच्या आत आहे आणि ती गुरुजींनी घाईत उरकली. पराग कुक्षीवर पडला की त्याला एक बारीक नळी फुटते. ती खाली खाली जात बीजांडात शिरते. त्या नळीतून नवरा एकटा येत नाही, दोघं येतात. पहिला अंड्याशी एकरूप होतो. त्याचा होतो अंकुर. दुसरा बीजांडातल्या आणखी दोन केंद्रकांना जाऊन मिळतो. या तिघांचा होतो भ्रूणपोष, म्हणजे अंकुराची शिदोरी. १८९८ साली रशियाच्या नावाशिन यांनी हे पाहिलं. एकाच मांडवात दोन लग्नं, आणि दुसरं लग्न केवळ पहिल्या लग्नाच्या लेकराला जेवू घालण्यासाठी!

ज्वारीचं पीठ म्हणतो ते बहुतांशी ही शिदोरी. पौषात शेतात आगटी पेटवून आपण जो हुरडा खातो, तो ही शिदोरी अजून कोवळी, दुधाळ असताना. अंकुरासाठी भरून ठेवलेला डबा लसणाच्या चटणीबरोबर आपणच फस्त करतो आणि वर म्हणतो, यंदा हुरडा गोड आहे. आणि हिशेब बघा. त्या पिठात आईकडून आलेले वाटे दोन, बापाकडून एकच. प्रत्येक भाकरीत दोन तृतीयांश आई. सातबाऱ्यावर मात्र नाव बापाचं.

तुरीचं आणखी निराळं. तिथं अंकुर ही शिदोरी शेंगेतच संपवतो आणि सगळं बळ आपल्या दोन जाड दळांत साठवतो. त्या दोन दळांनाच आपण डाळ म्हणतो. म्हणजे भाकरी म्हणजे बाळाचा डबा आणि वरण म्हणजे खुद्द बाळ. माळकऱ्यांनी या हिशेबात फार खोल जाऊ नये.

माळकऱ्यांनी उंबराखालीही फार वेळ थांबू नये. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून आपण दुर्मीळ माणसाला उंबराचं फूल म्हणतो. फूल काही दुर्मीळ नाही, शेकड्यांनी आहे, पण फळ समजतो त्या गोळ्याच्या आत, भिंतीला पाठ करून. त्या गोळ्याला एक चिंचोळं दार. त्यातून एवढीशी गांधीलमाशी घुसते आणि घुसताना बहुधा पंख गमावते. आत ती पराग टाकते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखांचे. ते आतच माद्यांशी जुगतात, बाहेर पडायला भुयार कोरतात आणि त्याच अंधारात संपतात. भुयारातून माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं. जन्मभर घराबाहेर न पडलेला जावई म्हणतात तो हा. 'उंबर फोडून केंबरं काढू नयेत' असं आपले वाडवडील म्हणत आले, ती केंबरं म्हणजे हेच वऱ्हाड.

मग पाखरू उंबर खातं, पिंपळाचं फळही खातं, पिंपळाचाही असाच संसार. आणि देवळाच्या शिखरावर बसून शिटतं. दगडाच्या फटीत रोपटं धरतं, मूळ खाली उतरतं. बिनचुन्याचे, नुसत्या खाचा जुळवून रचलेले यादवांचे दगड शत्रूला दाद देत नव्हते, ते मुळांपुढं हलतात. तिळाएवढ्या माशीनं लावलेल्या लग्नाचा खर्च असा पुरातत्त्व खात्याच्या नावावर पडतो. त्यात झाड देवाचं, त्यामुळं कुऱ्हाड घालायला माणूस मिळत नाही. उंबराखाली दत्त, पिंपळाखाली मुंजा.

तुरीकडं परत यायला हवं, कारण तिथं चाललंय ते बघून मला राहवत नाही. तूर फुलली की शेत पिवळं दिसतं. ती स्वतःच्या परागावरही फळते, पण मधमाश्या आणि काळे भुंगे आले की शेजाऱ्याच्या तुरीशीही संधान बांधते. पांढरी तूर पेरलेल्याच्या पोत्यात चार सालांनी लाल दाणे निघतात. कधी दोष दुकानदाराचा असतो, कधी भुंग्याचा; शिव्या दुकानदारालाच. तर ऐन फुलोऱ्यात फूल गळायला लागतं. शेतकरी घाबरतो. दुकानात जातो. तिथून फुलगळीचं टॉनिक, त्यात शेंगा पोखरणाऱ्या अळीचं औषध, वर "मामा, हेबी एक टाका" असं तिसरं काहीतरी, सगळं एका पंपात. आणि फवारणी सकाळी दहा वाजता, म्हणजे ज्या घटकेला मधमाश्या कामावर हजर असतात त्याच घटकेला. मुहूर्तावर मांडवात शिरून मध्यस्थालाच विष पाजायचं आणि मग म्हणायचं, औंदा लग्न कामून मोडलं? तीच फवारणी दिवस मावळताना केली तर माश्या वाचतात. पण संध्याकाळी पारावर राजकारण असतं.

हे सगळं आमच्या शेजारच्या काकूंना सांगून उपयोग नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता, लाल भोपळ्याचा. वेल कुडावर चढला होता, फुलं ढीगभर, आणि रोज सगळी गळून खाली. काकूंनी निदान केलं होतं, दृष्ट. उपाय केला होता, वेलाला जुनी चप्पल टांगून ठेवली होती.

त्यांचा पुतण्या परभणीला ॲग्रीला. तो सुट्टीत आला, वेल न्याहाळला आणि म्हणाला, "काकू, ही सगळी नर फुलं हायती. पहिल्यांदा नरच येतेत. ती गळणारच."

"मग मादी कुठंय?"

"ही बघा. फुलाच्या खाली एवढासा भोपळा दिसतो का? ती मादी. उद्या सकाळी उठल्याबरोबर नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या अन् हिच्यावर घासायचं. उन्हं वर आली की फूल मिटतंय."

"मी? या वयात?" काकूंनी पदर तोंडाला लावला.

पण भोपळ्याच्या घारग्यांचा मोह मोठा. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला काकू आंघोळ करून, डोक्यावरून पदर घेऊन वेलापाशी हजर. शेजारपाजार उठलेला नाही याची खात्री करून घेतली. फूल घासलं. मग आपसूकच तुळशीच्या लग्नातल्यासारखे दोन तांदळाचे दाणेही टाकले. आठवड्यात तो एवढासा भोपळा मुठीएवढा झाला, पुढं मांडीवर मावेना.

गावभर बातमी झाली. काकू येईल त्याला वेलापाशी नेऊन दाखवायच्या आणि सांगायच्या, "चपलेचा गुण आहे बाई! दोडक्यालाबी बांधायचीय आता."

पुतण्या कळवळून म्हणाला, "काकू, चप्पल नाही, पराग! अन् दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतंय, तेव्हा घासावं लागंल."

"संध्याकाळी माझी मालिका असती," काकू म्हणाल्या. "दोडक्याला नुसती चप्पलच राहू दे."